वायपर ब्लेडची निवड : मराठवाड्याच्या उन्हाचा हिशेब

मृगाचा पहिला पाऊस पडला की नांदेड आणि लातूर येथील मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांत वायपर ब्लेडसाठी अचानक गर्दी होते. गेल्या पावसाळ्यात उत्तम चाललेला वायपर यंदा काच पुसण्याऐवजी तिच्यावर चिखलाचे कमानीदार पट्टे ओढू लागतो आणि वाहनमालक दुकानदाराकडे तक्रार घेऊन येतो, की ब्लेड वर्षभरही टिकले नाही. वस्तुतः त्या ब्लेडने पावसात फार थोडे दिवस काम केलेले असते. उरलेला सारा काळ ते तापलेल्या काचेवर, एकाच बाजूला दुमडून, उन्हात पडलेले असते. मराठवाड्यात वायपर झिजण्यापेक्षा करपण्यानेच अधिक लवकर निकामी होतो आणि टिकाऊ ब्लेडची निवड करताना हीच गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

गोदावरीकाठच्या नांदेडात मे महिन्यात पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत सहज जातो. बालाघाटाच्या पठारावरील लातूर उंचीमुळे किंचित सुसह्य असले, तरी उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीच्या काचेला दुपारी हात लावणे तेथेही अवघड असते. वर्षातील तीनशेहून अधिक दिवस कोरडे आणि जो पाऊस येतो तो बहुधा झोडपून काढणारा, असे येथील हवामान आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात आणि पुढे सप्टेंबरमध्ये मराठवाड्याच्या मोठ्या भागात पावसाने काय केले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. म्हणजे आठ महिने बिनकामाचा वाटणारा हा सुटा भाग एखाद्या रात्री अकस्मात जिवाच्या मोलाचा ठरतो. नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ वर ताशी ८० किलोमीटर वेगाने निघालेली मोटार सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे सरकते. वायपरच्या संथ गतीतील एका फेरीला सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. एक फेरी वाया गेली की पंचवीस-तीस मीटर रस्ता चालकाने जवळजवळ न पाहताच कापलेला असतो आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे ओल्या, पट्टेदार काचेवर फाकले तर तेवढेही दिसत नाही.

रबराची धार काम कशी करते?

वायपरचे रबर काचेवर सरळ उभे राहून घासत नाही. त्याची पातळ धार चालीच्या उलट दिशेला कलते आणि कललेल्या कडेने पाणी पुढे ढकलत नेते. फेरीच्या टोकाला दांडा परत फिरला की धारही दुसऱ्या बाजूला उलटते. तो हलकासा ‘टक’ असा आवाज याचाच. रबर लवचिक असेपर्यंत हे उलटणे बिनबोभाट होते. मात्र चार महिने कडक उन्हात एकाच बाजूला कलून पडलेल्या रबराला तोच आकार चिकटतो. मग जाताना काच स्वच्छ आणि येताना थरथर व पट्टे, असा अनुभव येतो. धार झिजलेली नसते, तिची वळण्याची शक्ती गेलेली असते.

त्यामुळे नवे ब्लेड घेण्याआधी जुन्याचा दोष ओळखणे शहाणपणाचे. एकाच दिशेच्या फेरीत पट्टे पडत असतील, तर रबर उन्हाने ताठले आहे, ते बदलावे. दोन्ही दिशांना एकाच जागी बारीक रेघ राहत असेल, तर धारेत कचरा अडकला आहे किंवा तिला खाच पडली आहे. प्रथम ओल्या कापडाने धार पुसून पाहावी, अनेकदा तेवढ्यावर भागते. मध्यभागी रुंद पट्टा पुसलाच जात नसेल, तर रबर नव्हे, चौकट वाकलेली किंवा दांड्याची स्प्रिंग सैल झालेली असते. अशा वेळी महागडे ब्लेड बसवूनही उपयोग होत नाही. काचेवर तेलकट धुके पसरल्यासारखे दिसत असेल तर दोष काचेवर बसलेल्या डिझेलच्या धुराचा आणि पॉलिशचा असतो. ती काच नीट धुतली, तर ब्लेडचा खर्च वाचतो.

रबर कोणते घ्यावे?

बाजारात मुख्यतः तीन प्रकारची सामग्री मिळते. नैसर्गिक रबर सर्वांत जुने आणि पुसण्याच्या कामात आजही उत्तम. ते मऊ, चिवट, धूळ सहन करणारे असते. मात्र ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन हे त्याचे शत्रू. त्यांच्यामुळे रबर कडक होते आणि धारेवर आडव्या भेगा पडतात. हे टाळण्यासाठी चांगले उत्पादक धारेच्या पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया करतात आणि वर ग्राफाइटचा लेप देतात. नव्या ब्लेडला बोट लावले असता काळी भुकटी लागते ती याच लेपाची. ती मळ समजून घासून काढू नये.

ईपीडीएम हे कृत्रिम रबर उष्णता आणि ओझोन यांना नैसर्गिक रबरापेक्षा बरेच अधिक दाद न देणारे आहे. काही ब्लेडमध्ये दोहोंचे मिश्रण असते.

तिसरे सिलिकॉन. उष्णतेत ते सर्वांत जास्त टिकते आणि काचेवर पाणी न धरणारा पातळ थरही सोडते. त्यामुळे ‘अनेक वर्षे टिकणारे’ म्हणून विक्रेते हेच पुढे करतात. किंमत अर्थातच इतरांहून चढी. येथे मराठवाड्यातील ग्राहकाने थोडे थांबावे. सिलिकॉन उन्हाला भीत नाही, पण ते फाटण्यास व घासण्यास नैसर्गिक रबराइतके चिवट नसते. धुळीने माखलेल्या काचेवर ते चालवले की धार लवकर कापली जाते. शिवाय मळकट काचेवर त्याची थरथरही अधिक जाणवते. आपल्याकडे उन्हाइतकीच धूळही मुबलक. सोयाबीन-तुरीच्या काढणीचा हंगाम, रस्त्यांची कामे, साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या वाहनांनी रस्त्यावर आणलेली आणि वाळून भुकटी झालेली काळी माती, या साऱ्याचा थर काचेवर बसतो.

तेव्हा निवड वाहन कोठे उभे राहते आणि कोठे फिरते यावरून करावी. मोटार दिवसभर कार्यालयाच्या, महाविद्यालयाच्या वा न्यायालयाच्या आवारात उन्हात उभी असते आणि प्रामुख्याने डांबरी रस्त्यांवर फिरते, अशांनी सिलिकॉन किंवा ईपीडीएम घेतल्यास जादा पैसे वसूल होण्याची शक्यता आहे. ज्यांची शेताकडे ये-जा आहे, कच्च्या रस्त्यांशी रोजचा संबंध आहे, त्यांनी ग्राफाइटचा लेप असलेले नैसर्गिक रबर घ्यावे आणि ते दरवर्षी बदलावे. दुप्पट किमतीचे ब्लेड एका हंगामातच कापले जाणार असेल, तर त्याला टिकाऊ म्हणण्यात अर्थ नाही. वेष्टनावर सामग्रीचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर ते साधे रबर आहे असेच धरून चालावे आणि किंमत त्याच हिशेबाने मोजावी.

चौकट, लांबी आणि हुक

पारंपरिक ब्लेडमध्ये धातूची चौकट असते. तिचे छोटे पंजे रबराला अनेक ठिकाणी दाबून धरतात. या पंजांच्या सांध्यांत चिखल वाळला की ते जाम होतात आणि दाब विषम पडतो. चपट्या, म्हणजे फ्लॅट ब्लेडमध्ये सांधेच नसतात. आतील वक्र पोलादी पट्टी रबराला संपूर्ण लांबीभर सारखी दाबते. बॉश कंपनीने या शतकाच्या उंबरठ्यावर हा प्रकार आणला आणि आता बहुतेक नव्या मोटारींत तो दिसतो. धूळ अडकण्याची जागा नसल्याने आपल्या भागास तो अधिक सोयीचा आहे. मात्र पट्टीचा बाक काचेच्या बाकाशी जुळावा लागतो. जुन्या जीपसारख्या जवळजवळ सपाट काचेवर साधी चौकटच बरी चालते. चौकटीवर प्लॅस्टिकचे आवरण असलेला संकरित प्रकारही मिळतो, पण तो केवळ दिसण्यासाठी घेऊ नये.

लांबी इंचांत मोजतात आणि दोन्ही बाजूंची बहुधा वेगवेगळी असते. चालकाच्या बाजूचे ब्लेड सामान्यतः लांब. आधीच्या मालकाने चुकीची जोडी बसवली असण्याचा संभव असल्याने जुने ब्लेड मोजण्यापेक्षा वाहनाच्या माहितीपुस्तिकेवर विसंबावे. ‘एक इंच मोठे घ्या, जास्त काच पुसली जाईल’ हा सल्ला मानू नये. लांब ब्लेड काचेच्या कडेच्या खांबावर आपटते किंवा दुसऱ्या ब्लेडला अडकते आणि मोटरवर ताण येतो. दांड्याच्या टोकाची जोडणीही पाहावी. आपल्याकडील बऱ्याच मोटारींत इंग्रजी ‘यू’ आकाराचा हुक असतो, परंतु त्याचीही रुंदी-जाडी वेगवेगळी असते आणि काही वाहनांत जोडणी सर्वस्वी निराळी असते. पाकिटात जोडतुकडे असले, तरी दुकानासमोरच ब्लेड बसवून घेणे हिताचे.

खरेदी करताना एक गोष्ट बहुसंख्य ग्राहक पाहत नाहीत, ती म्हणजे उत्पादनाचा महिना आणि वर्ष. वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार तारखेची ही माहिती वेष्टनावर हवी. रबर कपाटातही म्हातारे होत असते आणि पत्र्याच्या छपराखालील दुकानात दोन उन्हाळे काढलेले ब्लेड नवे असूनही अर्धे संपलेले असते. धार नखाने हलकेच एका बाजूला वाकवून सोडावी. ती झटकन सरळ झाली पाहिजे. नामांकित कंपन्यांच्या नावाची बनावट ब्लेडही विकली जातात, म्हणून पक्के बिल घ्यावे.

चौकट शाबूत असेल तर केवळ आतील रबर, ज्याला दुकानदार रिफिल म्हणतात, बदलूनही भागते. ट्रक आणि टेम्पोचालक वर्षानुवर्षे हेच करीत आले आहेत व त्यात काही कमीपणा नाही. रबराच्या दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्या पूर्वीच्याच दिशेने बसवण्याची काळजी तेवढी घ्यावी. अन्यथा पट्टी बाहेर सरकते आणि काचेवर कायमची कमान कोरते.

पाणी आणि निगा

लातूरकरांना पाण्याचे मोल सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेले हे शहर आहे. खोल विंधनविहिरींचे जड पाणी मोटारीची काच धुण्यासाठी वापरले, तर ते वाळल्यावर क्षारांचे पांढुरके ठिपके उरतात. हे खडबडीत ठिपके रबराची धार कानशीप्रमाणे झिजवतात. वायपरच्या फवाऱ्याच्या टाकीत असे पाणी भरल्यास त्याची छिद्रेही बुजतात. घरी येणाऱ्या जारच्या किंवा आरओच्या पाण्यातील दोन-तीन लिटर त्या टाकीसाठी काढले, तर कित्येक आठवडे पुरते. जुने डाग पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसून नंतर साध्या पाण्याने धुवावेत, मात्र ते रंगावर ओघळू देऊ नये. कपडे धुण्याची पावडर टाकीत घालू नये.

कोरड्या काचेवर वायपर चालवणे ही सर्वांत महागडी सवय. धुळीतील वाळूचे कण काचेपेक्षाही कठीण असतात. रबराखाली सापडलेला प्रत्येक कण काचेवर ओरखडा काढतो आणि रात्री समोरच्या दिव्यात ते ओरखडे चमकतात. आधी फवारा, मग वायपर, हा क्रम मोडू नये. गॅरेजमध्ये काही जण रबर ‘मऊ’ करण्यासाठी त्यावर रॉकेल वा पेट्रोल चोळतात. त्याने नैसर्गिक रबर फुगते व धार वेडीवाकडी होते. उन्हाळ्यात दांडे उभे करून ठेवण्याची पद्धतही दिसते. काच तापत असल्याने ती निरर्थक नाही, परंतु वावटळीत दांडा काचेवर आदळून तडा जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षा काचेवर बाहेरून ब्लेड झाकले जाईल असे आवरण टाकावे किंवा काच सावलीकडे येईल अशी मोटार लावावी.

वायपरची कल्पना एका स्त्रीची. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये तिचे पेटंट मिळाले. त्यांच्या यंत्रात चालक आतून हाताने दांडा फिरवी आणि तेव्हाही काचेवर फिरत होती ती रबराची पट्टीच. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ नुसार पुढची काच असलेल्या मोटारींना कार्यक्षम वायपर असणे बंधनकारक आहे. तरीही मे महिन्यात त्याकडे पाहतो कोण?

ब्लेड बदलण्याचा योग्य काळ मे महिन्याचा शेवटचा आठवडा. मार्चमध्ये बदलले तर नवे रबर उन्हाळ्यातच पोळून निघते आणि पहिल्या पावसानंतर दुकानात हवे ते माप मिळेलच असे नाही. काम घरीही करता येते. दांडा उभा करण्याआधी काचेवर जाड टॉवेल अंथरावा, कारण ब्लेड काढलेला उघडा दांडा स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटला तर काच तडकते. मधली खीळ दाबून जुने ब्लेड दांड्याच्या मुळाच्या दिशेने सरकवले की ते हुकातून सुटते. नवे उलट दिशेने ओढून ‘खट’ असा आवाज येईपर्यंत बसवावे, दांडा हाताने हळूच खाली आणावा आणि काचेवर भरपूर पाणी मारून दोन्ही गतींवर पाच-सहा फेऱ्या चालवून पाहाव्यात. पट्टे पडले तर बिल हाती असतानाच दुकानात परत जावे.