देणगीदारांची शिष्यवृत्ती कशी चालते? पदवी पूर्ण होण्यासाठी ती का लागते?

प्रवेश मिळाला, पहिली दोन वर्षं निघाली आणि तिसऱ्या वर्षी कॉलेज सुटलं. अशी मुलं तुमच्याही ओळखीत असतील. त्यामागे दरवेळी नापास होणंच असतं असं नाही. कधी घरात आजारपण येतं, कधी काढणीला आलेलं सोयाबीन पावसात जातं आणि अडलेली रक्कम जेमतेम एका सत्राच्या फीइतकी असते.

सरकारी शिष्यवृत्ती असताना देणगीदार कशाला?

महाराष्ट्रात बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्यांसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. पैसे थेट बँक खात्यात येतात, पण हव्या त्या महिन्यात येतीलच याची खात्री नसते. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना शिकणाऱ्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची पूर्ण फी भरण्याचा निर्णय घेतला. मोठा निर्णय होता तो. पण फी माफ झाली तरी खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं, गावाकडे जायचं एसटीचं तिकीट हे सगळं उरतंच. खासगी देणगीतून मिळणारी मदत मुख्यतः या फटीत बसते.

बाबासाहेबांचं शिक्षणही मध्येच थांबलं होतं

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत होती तीन वर्षं. बदल्यात शिक्षणानंतर बडोदा संस्थानात नोकरी करायची, असा करार होता. आजच्या भाषेत बाँडच.

कोलंबिया विद्यापीठातून ते १९१६ मध्ये लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज यांची भर पडली आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२३ मध्ये डी.एस्सी. पहिल्या मदतीमुळे ते परदेशी पोहोचले, पण लंडनची पदवी हातात आली ती दुसऱ्या मदतीमुळे. ही दुसरी मदत आपल्याकडे कमी लोकांना आठवते.

पैसा येतो कुठून?

जुनी पद्धत कायम ठेवीची. कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ १० लाख रुपये दिले आणि ७ टक्के व्याज मिळालं, तर वर्षाला ७० हजार वाटता येतात. मुद्दल तसंच राहतं. अडचण अशी की फी वाढते, ठेव वाढत नाही. म्हणूनच एके काळी वर्षभराची फी भागवणारी पारितोषिकं आज पाचशे-हजार रुपयांची उरली आहेत. नाव राहतं, उपयोग आटतो.

दुसरा मार्ग कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. शिक्षण हे त्यातलं एक काम. ही रक्कम मोठी असू शकते, पण कंपनीने पुढच्या वर्षी दुसरा विषय निवडला तर विद्यार्थी मध्येच अडकतो.

आणि तिसरा मार्ग धर्मादाय निधी आणि संस्थांचा. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या निधीतून परदेशी शिक्षणासाठी मिळते ती कर्ज-शिष्यवृत्ती, म्हणजे रक्कम परत करायची. के. आर. नारायणन आणि जयंत नारळीकर हे त्याच निधीचे विद्यार्थी. पुण्यात १९५५ पासून काम करणारी विद्यार्थी साहाय्यक समिती रोख रकमेपेक्षा राहण्या-जेवणाची सोय करते. गावातून आलेल्या मुलासाठी बऱ्याचदा हाच खरा प्रश्न असतो.

अमेरिकेत अटलांटा इथल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ मध्ये वेगळी वाट धरली. फीची थोडीशी थकबाकी राहिल्यामुळे ज्यांचं नाव कमी होणार, असे विद्यार्थी विद्यापीठ स्वतःच शोधतं आणि छोटं अनुदान देऊन ती थकबाकी मिटवतं. त्यासाठी वेगळा अर्जही लागत नाही. आपल्याकडे मात्र अडलेल्या मुलालाच उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खेपा माराव्या लागतात.

अर्ज करताना काय बघाल?

मदत एकदाच मिळणार की दरवर्षी, हे आधी विचारा. नूतनीकरणाला किती गुण लागतात आणि एखादा विषय राहिला तर मदत बंद होते का, हेही. दुसरी शिष्यवृत्ती सोबत घेता येते का, ते नियमात वाचा, कारण काही ठिकाणी चालत नाही. उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका आणि बोनाफाइड तयार ठेवा. शिष्यवृत्ती मंजूर करण्यासाठी कुणी आधी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर तिथेच फोन ठेवा. आणि कॉलेजच्या विद्यार्थी कल्याण विभागात एकदा जाऊन या. तिथल्या फलकावर लागलेल्या काही योजना इंटरनेटवर सापडत नाहीत.