आजोची मिशी

आमच्या आजोने आयुष्यात दोनदा मिशी उतरवली. एकदा वडील वारले तेव्हा. त्याच्या कितीतरी आधी, रुक्मिणीसाठी.

पोर्तुगीज अमदानीतली गोष्ट. अंत्रुजातल्या आमच्या गावी जत्रेला ‘सौभद्र’ बसवलं होतं आणि रुक्मिणी करणारा गडी त्याच दिवशी तापाने आडवा झाला. पडद्याआड वही धरून बसणाऱ्या आजोला सगळी नक्कल पाठ होती, गळाही बरा होता. दुपारी त्याला न्हाव्यापुढे बसवलं. संध्याकाळी पणजोबांनी त्याला पाहिलं. बाप जिवंत असताना मुलाने मिशी काढायची नसते. “हांव अजून जिवो आसां मरे!” एवढं ओरडून ते न जेवता निघून गेले. नांदी सुरू झाली तेव्हा पहिल्या ओळीत बसलेले होते, हे आजोची बहीण सांगायची. रुक्मिणीचं लुगडं तिचंच होतं. आजो मात्र हा भाग गाळायचा.

त्याला सांगायचं असायचं ते गॅसबत्तीचं. पद ऐन रंगात असताना बत्ती फुसफुसत मंदावली. हवा भरायला माणूस धावला, तोवर रंगमंचावर मिट्ट काळोख. पायपेटीवाला थांबला नाही, म्हणून हाही थांबला नाही. उजेड आल्यावर वन्समोअर मिळाला. “काळोखात कसो गायलो तें तांकां परत पळोवपाचें आशिल्लें,” असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आणलं. पदांच्या चाली त्यांनी कीर्तनातून, लावणीतून, कानडी गाण्यांतून उचलल्या होत्या. रागाचं नाव ठाऊक नसलेला माणूसही त्या घरी घेऊन जाई. आमच्या गावात तर भजन-कीर्तन कानात आधीच मुरलेलं. शेजारच्या मंगेशीत १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांचं नाव प्रत्येक गाणाऱ्या पोराच्या तोंडी असायचं. आपणही तसेच, असं निदान जत्रेच्या रात्री तरी सगळ्यांना वाटे.

आजोच्या घरात कोंकणी, शाळेत पोर्तुगीज. मराठी त्याला देवळाने दिली, म्हणजे पोथीने, कीर्तनाने आणि सगळ्यात जास्त नाटकाच्या वहीने. त्यामुळे त्याची मराठी शेवटपर्यंत भरजरीच राहिली. नारळाचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला लिहिलेल्या पत्रातही ‘हा अन्याय मज सहन होणे नाही’ असलं काहीतरी असायचंच. आम्ही हसायचो. आता वाटतं, ज्या सरकारने त्याला मराठीचं एक अक्षर शिकवलं नाही, त्या सरकारच्या अमलाखाली त्याने कृष्ण-रुक्मिणीचा अख्खा संसार मराठीत पाठ केला होता. हे हसण्यासारखं नव्हतं.

गेल्या जत्रेला पुन्हा ‘सौभद्र’ झालं. रुक्मिणी आता मुलीच करतात, आणि छान करतात. पायपेटी देवळाच्या माडीवर धूळ खात पडली आहे, तिच्या जागी कीबोर्ड आला. त्याचं मला फारसं दुःख नाही. माझी तक्रार माइकशी आहे. शेवटच्या चटईपर्यंत आवाज पोचवायचा तर छातीतून काढावा लागायचा, आता गाणारे माइकच्या कानात कुजबुजतात.

यंदाही नाटक आहे. पत्रकात रात्री दहा लिहिलंय, पण साडेअकराशिवाय नांदी होत नाही. चटई घरूनच आणा.