घरच्या घरी फोटो स्टुडिओ: नवा फोन घेण्याआधी ट्यूबलाइट बंद करा

इन्स्टाग्रामवर साडी टाकली, ऑर्डर आली आणि आठवड्याभरात पार्सल परत. कारण काय, तर 'फोटोतला रंग वेगळा होता.' घरून साड्या, दागिने किंवा फराळ विकणाऱ्यांना हा मेसेज नवीन नाही. कुरिअरचा खर्च अंगावर पडतो तो वेगळाच. मग कुणीतरी सल्ला देतं, चांगला फोन घ्या, रिंग लाइट घ्या. पण बहुतेक वेळा दोष फोनचा नसून प्रकाशाचा असतो, आणि तो हजारेक रुपयांत सुधारता येतो.

रंग बिघडतो कसा?

प्रत्येक दिव्याच्या पांढऱ्या प्रकाशात रंगाची छटा असते. ती केल्विनमध्ये मोजतात. पिवळसर बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, तर खोक्यावर 'कूल डे लाइट' लिहिलेला बल्ब ६५०० केल्विनचा, म्हणजे किंचित निळसर. आपले डोळे हा फरक सहज सांभाळून घेतात. कॅमेराही घेतो, पण एका वेळी एकाच छटेचा. खिडकीतून उजेड येतोय आणि वर पिवळा दिवाही चालू आहे, अशा वेळी साडीची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते. मग एडिटिंगमध्ये एक बाजू नीट करायला गेलात की दुसरी बिघडते. म्हणून पहिला नियम: एका वेळी एकाच प्रकारचा उजेड. खिडकी वापरायची असेल तर खोलीतले सगळे दिवे बंद.

खिडकी सगळ्यात स्वस्त

विजेचे दिवे येण्याआधी फोटो स्टुडिओंना उत्तरेकडे मोठ्या काचा ठेवत. उत्तर गोलार्धात त्या बाजूने थेट ऊन फारसं येत नाही, त्यामुळे दिवसभर एकसारखा, शांत उजेड मिळतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे जूनच्या आसपास दुपारचा सूर्य काही आठवडे उत्तरेकडे झुकतो, पण तेव्हा बहुतेक वेळा आभाळच भरलेलं असतं. फोटोसाठी ते चांगलंच.

सावलीची कड तीक्ष्ण येणार की मऊ, हे दिव्याच्या किमतीवर नाही, तर वस्तूच्या जागेवरून प्रकाश किती मोठा दिसतो यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका दूर की आकाशात टिकलीएवढा दिसतो. म्हणून उन्हातली सावली कडक. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं आणि सावली विरघळते. घरी आपल्याला हाच ढग बनवायचा आहे.

रात्रीसाठी काय लागेल?

दिवसभराची कामं उरकून रात्रीच वेळ मिळत असेल, तर एकाच कंपनीचे, एकाच छटेचे दोन एलईडी बल्ब, वायर लावलेले होल्डर किंवा जुने स्टडी लॅम्प, ट्रेसिंग पेपरचा मोठा ताव, पांढरी कार्डशीट आणि टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल एवढं पुरतं.

कार्डशीट भिंतीला चिकटवून टेबलावर वाकवत आणा, घडी पडू देऊ नका. म्हणजे मागे भिंत आणि टेबल यांची रेघ दिसत नाही. वस्तूच्या एका बाजूला, अगदी जवळ, पण फोटोत येणार नाही असा ट्रेसिंग पेपर उभा ताणा. बल्ब त्याच्या मागे फूट-दीड फुटावर ठेवा, म्हणजे सगळा कागद उजळेल. दुसऱ्या बाजूला थर्माकोल उभा केला की सावलीत उजेड परत येतो. बऱ्याचदा दुसरा बल्ब लावावाच लागत नाही. दोन्हीकडून सारखा प्रकाश मारला तर वस्तू सपाट दिसते. जरीचा आणि विणीचा पोत दिसायला तिरका उजेड लागतो. कॅमेऱ्याभोवतीचा रिंग लाइट तो देत नाही, म्हणून साडीसाठी तो घेऊ नये असंच आमचं मत.

घरात जुना हॅलोजन असेल तर तो मात्र वापरू नका. तो भयंकर तापतो आणि कागद जवळ असेल तर पेटू शकतो.

लाल रंगाची अडचण

बल्बच्या खोक्यावर 'सीआरआय' हा आकडा शोधा. रंग किती खरे दिसतील याचं ते माप. कमाल १००. साध्या बल्बचा ८०च्या आसपास असतो, फोटोसाठी ९०च्या वरचा घ्या. गंमत म्हणजे हा आकडा ज्या आठ नमुना रंगांच्या सरासरीवरून काढतात, त्यात गडद लाल नसतोच. त्याचं माप 'आर९' म्हणून वेगळं असतं. त्यामुळे ८० सीआरआयच्या दिव्याखाली कुंकवासारखा लाल किंवा लाल मिरचीची पूड मळकट दिसू शकते. अशा वस्तू शक्यतो खिडकीपाशीच काढा.

पैठणीच्या धूपछाँव रंगाचा प्रश्न वेगळा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, त्यामुळे कोन बदलला की रंग बदलतो. एक फोटो इथे अपुराच पडतो. दोन कोनांतून काढा, छोटा व्हिडिओही टाका.

दागिन्यांत सगळी खोली उमटते, तुमच्या हातातल्या फोनसकट. तिन्ही बाजूंनी ट्रेसिंग पेपर लावा. मग सगळंच पांढरंफटक दिसलं तर काळ्या कागदाची बोटभर पट्टी बाजूला धरा, सोन्याची कड लगेच उठून दिसते.

फोनमध्ये एवढंच करा

लेन्स पुसा. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून टायमर लावा. वस्तूवर बोट दाबून फोकस लॉक करा. पांढरा कागद फोटोत राखाडी येतो, कारण कॅमेरा भरपूर पांढरं दिसलं की उजेड कमी करतो. तेव्हा ब्राइटनेस थोडा वर सरकवा. काळ्या साडीला उलटं, थोडा खाली. फोटोवर आडवे पट्टे आले तर प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, हे पट्टे त्याचेच.

शेवटी फिल्टर लावू नका, आणि पोस्ट करण्याआधी फोटो साडीशेजारी धरून दिवसाच्या उजेडात एकदा ताडून बघा.