प्रयोगातील माणसाचे मत

नव्या औषधाची परीक्षा ज्याच्या देहावर व्हावयाची, त्याचा ज्वर, नाडी, रक्त हे सारे वैद्यकाने काटेकोरपणे मोजले. त्याला स्वतःला काय वाटले, हे विचारण्याची गरज मात्र फार उशिरा भासली.

अमेरिकेत टस्कीगीच्या परिसरात १९३२ साली सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास आरंभिला. बहुतेक सारे गरीब शेतमजूर. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता; पण त्यांना सांगण्यात आले ते एवढेच, की रक्त दूषित आहे आणि त्यावर उपचार चालू आहेत. पुढे पेनिसिलिन उपलब्ध झाले, तरी ते त्यांना मिळू दिले नाही. रोग कसा वाढतो, हेच तर पाहावयाचे होते! १९५८ साली खात्याने त्यांना आभाराची प्रशस्तिपत्रे वाटली आणि दर वर्षाचा एक, असे २५ डॉलर हाती ठेवले. ते कागद पाहून ही माणसे समाधानी आहेत, असेच कोणासही वाटले असते. १९७२ साली वृत्तपत्रांनी हा प्रकार उघडकीस आणला, तेव्हा कुठे तो अभ्यास थांबला.

त्यानंतर संमतीविषयी कायदे झाले. परंतु संमती प्रारंभी घेतली जाते आणि अनुभव मागाहून येतो. म्हणून रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी सहभागी व्यक्तींशीच बोलून एक प्रश्नावली सिद्ध केली: नीट समजावून सांगितले का, आदराने वागविले का, दडपण आले का? १५ केंद्रांतील ही पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. विचारणा १८,००० हून अधिक जणांकडे झाली. उत्तरे आली सुमारे ५,०००. उत्तर देणारे बहुतांशी संतुष्ट होते. गप्प राहिलेल्यांत असंतुष्ट किती, हे मोजावयाचे राहूनच गेले.