नवापूर तालुक्यातील जुनी शाळागृहे

खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या ताब्यात आला. परंतु खेड्यातील शाळेस स्वतंत्र इमारत हवी, ही कल्पना रूढ होण्यास त्यानंतर पुष्कळ काळ जावा लागला. पंतोजींची शाळा देवळाच्या ओवरीत, धर्मशाळेत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत भरे. तिला स्वतःचे घर नव्हते, म्हणून तिचे अवशेषही नाहीत. हिशेब व मोडी वाचन यांची गरज असलेल्या कुटुंबांवर पंतोजीचा निर्वाह चाले. नवापूरच्या बाजूस, जेथे वस्ती मुख्यतः भिल्ल, मावची व कोकणी यांची, तेथे त्याला फारसा आश्रय मिळण्याजोगा नव्हता.

शाळागृहाचा खरा इतिहास सुरू होतो तो लोकल फंडापासून. १८६३ साली मुंबई इलाख्यात जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा पट्टी बसविण्यात आली. तिचे दोन तृतीयांश रस्त्यांकडे व एक तृतीयांश शाळांकडे जावे असे ठरले. १८६९ च्या कायद्याने या व्यवस्थेस पक्के रूप आले. शिक्षणाच्या इतिहासकारांनी या पट्टीची वाखाणणी केली आहे, आणि ती अनाठायी नाही. तथापि तिचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. पट्टी होती ती जमीन महसुलावर. जंगलाच्या उत्पन्नावर नव्हे. तापीकाठच्या काळ्या जमिनीचा आकार मोठा, तेव्हा फंडही मोठा. नवापूर पेठ्यात जंगल विस्तीर्ण, जिराईत हलकी आणि आकार थोडा. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव झालेल्या क्षेत्रात लागवडीस वाव उरला नाही. ज्या मुलखातील साग दूरवरच्या इमारतींस लागला, त्या मुलखातील शाळेला आढे-वासे पुरविण्याची तरतूद मात्र हिशेबातच नव्हती. पट्टी शेतकऱ्याने भरावी आणि शिक्षणाचा लाभ इतरांनी घ्यावा, ही जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडलेली तक्रार सर्वश्रुत आहे. नवापूरची अडचण तिच्याही अलीकडची होती: येथे पट्टीच पुरेशी जमा होण्याजोगी नव्हती.

१९०० च्या सुमारास ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग नवापूरवरून गेला व बाहेरचे बांधकाम-सामान आणणे सुकर झाले. लोकल बोर्डाच्या शाळेचा नमुना इलाख्यात सर्वत्र सारखाच दिसतो: दगडी जोते, एक लांब खोली, पुढे ओसरी, वर कौले. कुडाच्या भिंती शेणामातीने सारवणाऱ्या वस्तीत अशी इमारत गावाची न वाटता सरकारची वाटावी, यात नवल नाही.

इमारतीचा धनी वरचेवर बदलला. १९०६ साली पश्चिम खानदेश वेगळा होऊन धुळे हे मुख्य ठाणे झाले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे आल्या, १९४७ च्या कायद्याने कारभाराची घडी पुन्हा बदलली आणि १९६२ पासून जिल्हा परिषद आली. लोकांच्या बोलण्यात हे थर टिकून राहिले: फंडाची शाळा, बोर्डाची शाळा, परिषदेची शाळा. या सर्वांवर मात करून उरलेले नाव म्हणजे ‘मराठी शाळा’. अन्यत्र त्याचा अर्थ प्राथमिक शाळा एवढाच. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात मावचीची नोंद भिल्ली बोलींत स्वतंत्रपणे झाली आहे. ती बोलणाऱ्या मुलास ‘मराठी शाळा’ हे नाव अक्षरशः खरे होते. उंबरठा ओलांडताच भाषा बदले.

१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या कारभाराचे ठाणे धुळेच होते. इमारत एका जिल्ह्यात आणि तिची जन्मकथा दुसऱ्या जिल्ह्याच्या दप्तरात, अशी अभ्यासकाची स्थिती झाली. धोकादायक ठरलेल्या खोल्यांचे ‘निर्लेखन’ होते, म्हणजे त्या पटावरून खोडल्या जातात व पाडल्या जातात. मुलांच्या जिवापुढे जुन्या भिंतीची महती सांगणे योग्य नव्हे. पाडण्यापूर्वी जोत्याचे माप, बांधकामाचे साल आणि तुळईच्या लाकडाची जात एवढे लिहून घेण्यास मात्र एक दिवस पुरेल.