चिमणीने दार का उघडलं नाही?

आजीची चिऊ-काऊची गोष्ट मला लहानपणी अजिबात आवडायची नाही. बालवाडीत बाईंनी सांगितलेली गोष्ट भारी होती. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या मेणाच्या घराचं दार वाजवतो आणि चिमणी आतून एकेक कारण सांगत राहते. बाळाला न्हाऊ घालतेय, तीट लावतेय, झोपवतेय. सगळी मजा त्या थांबवण्यातच होती. आजीच्या गोष्टीत मात्र कावळा दार वाजवायचा, चिमणी म्हणायची, "थांब हं, पदर सावरते," आणि दार उघडायची. झाली गोष्ट. मी म्हणायचो, "आजी, तू चुकीची सांगतेस."

आजी चुकीची सांगत नव्हती, हे कळायला मला तिच्या जाण्यानंतरची चार वर्षं आणि 1868 सालचं एक इंग्रजी पुस्तक लागलं.

पुस्तकाचं नाव 'ओल्ड डेक्कन डेज'. लेखिका म्हणून नाव मेरी फ्रिअर हिचं. तिचे वडील सर बार्टल फ्रिअर 1862 ते 1867 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. 1865-66 च्या हिवाळ्यात ते दख्खनच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा विशीतली मेरी सोबत होती. छावणीत बोलायला दुसरी कुणी मडम नाही, वाचून आणि चित्रं काढून कंटाळा आलेला. तिने आपल्या आयेला विचारलं, एखादी गोष्ट सांगशील का? आया आधी नाही म्हणाली, मग सांगू लागली. मेरीने लिहून घेतलं. त्यातून 24 गोष्टींचं पुस्तक लंडनहून निघालं.

आयेचं नाव होतं ॲना लिबेराता डिसूझा. तिचं घराणं मूळचं लिंगायत. आजोबांच्या पिढीत ते गोव्याकडे आले आणि ख्रिस्ती झाले. आजोबा इंग्रजांच्या फौजेत हवालदार होते, 1817 च्या खडकीच्या लढाईत होते. गोष्टी ॲनाला मिळाल्या त्या तिच्या आजीकडून. हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण मेरीने पुस्तकात ॲनाची स्वतःची हकिगतही छापली. त्या काळात गोष्ट सांगणाऱ्या आयेला इतकी जागा देणं ही साधी बाब नव्हती.

आमच्या कामात गिट नावाची व्यवस्था वापरतात. कोडमधला प्रत्येक बदल कुणी केला, याची नोंद ती ठेवते, आणि त्या नोंदीत दोन वेगळे रकाने असतात: ऑथर, म्हणजे बदल लिहिणारा, आणि कमिटर, म्हणजे तो साठ्यात टाकणारा. बहुतेक वेळा दोन्हीकडे एकच नाव असतं, पण नसेल तर फरक दिसतो. 'ओल्ड डेक्कन डेज'च्या मुखपृष्ठावर कमिटरचं नाव आहे. ऑथरच्या रकान्यात ॲना, तिच्यामागे तिची आजी आणि आजीमागे कितीतरी बिननावाच्या बायका.

आणि प्रत्येकीचा हेतू वेगळा. ॲनाची आजी नातवंडांना रमवायला सांगत होती. ॲना मालकिणीच्या लेकीने विचारलं म्हणून सांगत होती. मेरीला गोष्टी हरवण्याआधी टिपायच्या होत्या. आणि प्रस्तावना लिहिणाऱ्या गव्हर्नरसाहेबांना त्यांत रयतेच्या समजुती दिसत होत्या. गोष्ट तीच, पण 'लेखकाचा हेतू काय?' या परीक्षेतल्या प्रश्नाला इथे निदान चार उत्तरं आहेत.

आता चिमणीकडे येऊ. या पुस्तकात आपली चिऊ-काऊची गोष्ट आहे. तिचं इंग्रजी शीर्षकच सांगतं की चिमणी स्वार्थी आहे आणि कावळे बेघर आहेत. 'कावळे', अनेकवचनी. इथे दारात एकटा कावळा नाही, नवरा-बायको आहेत. त्यांचं घरटं निवडुंगाच्या कुंपणावर होतं, ते पावसात वाहून गेलं आणि काटे डोळ्यांत जातायत, असं ते विनवतात. चिमणी आतून सांगते: स्वयंपाक चाललाय, जेवतेय, भांडी घासतेय, झाडतेय. मुलं झोपवून, दुसऱ्या दिवसाचं जेवण झाकून, स्वतः अंथरुणात शिरल्यावर ती आत या म्हणते. आणि शेवट? रात्री सगळे झोपल्यावर कावळे ते झाकून ठेवलेलं जेवण उचलून उडून जातात. गोष्ट त्यांना चोर म्हणत नाही. तिच्या लेखी चिमणीला शिक्षा झाली.

एका दाराने किती फरक पडतो बघा. आपण ऐकलेल्या गोष्टीत कॅमेरा दाराच्या आत आहे. आत एकटी आई, बाहेर बाप्या कावळा, वेळ पावसाळी. अशा गोष्टीचा आशय 'घर पक्कं बांध आणि दार जपून उघड' असाच निघणार. ॲनाच्या गोष्टीत कॅमेरा बाहेर, पावसात आहे. दाराशी जोडपं आहे, त्यामुळे संशयाला जागा नाही, आणि आशय होतो 'ज्याच्याकडे छप्पर आहे त्याची जबाबदारी'. पात्रं आणि पाऊस तेच. फक्त आपण दाराच्या कुठल्या बाजूला उभे आहोत, ते बदललं.

ही गोष्ट किती जुनी? तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटांनी संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'त ती आहे. तिथे कावळ्यासमोर चिमणीऐवजी साळै आहे, पण शेणाचं आणि मेणाचं घर तेच. म्हणजे मराठी गद्य जितकं जुनं, जवळजवळ तितकीच ही गोष्ट. आता ॲनाच्या गोष्टीतलं निवडुंगाचं कुंपण आठवा. तो फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. युरोपियन जहाजं समुद्र ओलांडू लागल्यावरच तो आपल्याकडे आला. चक्रधरांच्या काळात तो दख्खनमध्ये असणं शक्य नाही. म्हणजे ही ओळ नंतर कुणीतरी घातली. बांधावरचं निवडुंग रोज बघणाऱ्या कुणीतरी, पावसात त्याच्याजवळ आडोसा शोधणं काय असतं याची कल्पना असणाऱ्या कुणीतरी. लोककथेला लेखक नसतो असं आपण म्हणतो, पण लेखकांचे ठसे असे राहून जातात.

ॲनाचा ठसा कुठे आहे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तिची हकिगत वाचून मग चिमणीच्या कामांची यादी वाचली, की ती वेगळी ऐकू येते. नवरा गेल्यावर तिने आयेचं काम करून मुलं वाढवली. इंग्रजी बोलायला शिकली, आणि त्याचा काय उपयोग झाला, असा तिचा वैतागलेला सूर आहे. तिचा मुलगा पुण्याच्या नदीत बुडून गेला. स्वयंपाक, भांडी, केर, अंथरुणं ही कामं दुसऱ्याच्या घरात कुणी करायची, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दाराच्या दोन्ही बाजू तिने पाहिल्या होत्या.

पुण्याच्या नदीचा उल्लेख वाचला आणि मी आईला फोन केला. "आजी पानशेतच्या वेळी कुठे होती गं?"

12 जुलै 1961. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. आजी तेव्हा तेरा वर्षांची, नारायण पेठेत भाड्याच्या खोलीत राहायची. आईने सांगितलं, की खोली गेली. ओल्या कपड्यांनी सगळे चढाकडे निघाले. एका ओळखीच्या वाड्यात दार वाजवलं, तर आतून आवाज आला, की घरात बाळंतीण आहे, थोड्या वेळाने या. पुढच्या गल्लीत एका अनोळखी बाईने काही न विचारता दार उघडलं. तिथे ते नऊ दिवस राहिले.

"आजीने मला हे कधीच सांगितलं नाही," मी म्हणालो.

आई म्हणाली, "अरे, रोज तर सांगायची."

आजीचा आवाज माझ्याकडे फक्त चाळीस सेकंदांच्या एका व्हॉइस नोटमध्ये आहे. त्यात ती डिंकाचे लाडू पोचले का, एवढंच विचारते. गोष्ट रेकॉर्ड करायचं सुचलं नाही, कारण मला वाटायचं, चिऊ-काऊची गोष्ट काय, सगळ्यांकडे असते.

गेल्या रविवारी भाचीला गोष्ट सांगितली. ती चार वर्षांची आहे. मी दार पहिल्या हाकेला उघडलं. ती म्हणाली, "मामा, तू चुकीची सांगतोयस."

मी म्हणालो, "बरं, तू सांग." आणि फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.