नारू आणि दुपदरी फडकं

आमची विहीर पायऱ्यांची. बायका पाण्यात उतरूनच घागर भरायच्या. मी लहान असताना आजीच्या पोटरीतून नारू निघाला. रोज थोडा थोडा काडीला गुंडाळून काढायचा. तुटला की पाय सुजायचा. पुढच्या साली वडलांना निघाला, तोही ऐन पेरणीत.

आरोग्यसेवकानं सांगितलं, नारूचा पाय पाण्यात बुडाला की पिल्लं सुटतात, पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात. ते पाणी पिणाऱ्याला वर्षभरानं नारू होतो.

आजी म्हणाली, "म्हंजी लेकाला म्याच पाजला का रं बाबा?"

वडलांनी पायऱ्या बुजवून रहाट बसवला. आजी मरेस्तोवर धोतराच्या दुपदरी फडक्यानं पाणी गाळायची. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. आता विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतो, तरी माठावर फडकं आहेच.